घरगुती ब्रॉडबँड योजनेची निवड : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घरगुती इंटरनेट जोडणी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नसून वीज व पाणी यांच्याप्रमाणे कुटुंबाच्या नित्य गरजांत तिची गणना होऊ लागली आहे. अध्यापन, परीक्षा, नोकरीसाठीचे अर्ज, बँकेचे व्यवहार आणि घरून करावयाचे कार्यालयीन काम या सर्व गोष्टी या जोडणीवर अवलंबून आहेत. असे असूनही योजना निवडताना बहुसंख्य ग्राहक जाहिरातीतील वेगाच्या आकड्यालाच प्रमाण मानतात. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात घरापर्यंत पोहोचणारी तार, तिची दुरुस्ती करणारी यंत्रणा, करासह पडणारा खरा खर्च आणि घरातील अंतर्गत जोडणी हे चार घटक जाहिरातीतील वेगापेक्षा अधिक निर्णायक ठरतात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : ब्रॉडबँड, ऑप्टिकल फायबर, वापरमर्यादा, सेवेची गुणवत्ता, ग्राहक हक्क, पिंपरी-चिंचवड, चाकण.

१. प्रस्तावना

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या परिसराच्या औद्योगिक वाटचालीस प्रारंभ झाला. पुढील काळात टेल्को, बजाज ऑटो यांसारखे मोठे उद्योग येथे आले. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १७.२७ लक्ष इतकी होती. एकविसाव्या शतकात उद्योगांचा विस्तार उत्तरेकडे खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांपर्यंत झाला. पश्चिमेस हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले.

या विस्तारामुळे एकाच पट्ट्यात परस्परांहून अत्यंत भिन्न अशा वसाहती निर्माण झाल्या आहेत. निगडी प्राधिकरणातील आखीव रस्ते व बंगले, वाकड व मोशी येथील बहुमजली गृहसंकुले, भोसरी व चिखली येथील दाटीने उभी असलेली घरे, तसेच चाकण परिसरातील कामगारांच्या भाड्याच्या खोल्या यांची रचना एकसारखी नाही. साहजिकच एकाच कंपनीची एकच योजना या चारही ठिकाणी सारखा अनुभव देऊ शकत नाही. ब्रॉडबँड योजनेच्या निवडीचा विचार या स्थानिक वस्तुस्थितीपासून सुरू करणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) ब्रॉडबँड सेवेतील मूलभूत संकल्पना स्पष्ट करणे, (आ) उपलब्ध जोडणी-प्रकारांचे गुणदोष स्थानिक संदर्भात मांडणे, (इ) योजनांची तुलना करण्याची सुलभ रीत सुचविणे, (ई) ग्राहकास उपलब्ध असलेल्या तक्रार-निवारण मार्गांची माहिती देणे. कोणत्याही विशिष्ट कंपनीची शिफारस करणे हा लेखाचा हेतू नाही. सेवादाते आपले दर वारंवार बदलतात. त्यामुळे लेखात दिलेले दर त्या त्या वर्षाच्या उल्लेखासह केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

३. ब्रॉडबँड : संकल्पना व वाटचाल

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. त्या काळी दूरध्वनीवरून क्रमांक फिरवून जोडणी घ्यावी लागे. इंटरनेट सुरू असताना दूरध्वनी बंद राही आणि खर्च मिनिटांच्या हिशेबाने वाढत जाई. १४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. किमान २५६ केबीपीएस वेगाने माहिती उतरवून घेता येणारी व सदैव सुरू असणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. ही किमान मर्यादा २०१३ साली ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आली.

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची 'डेटावन' ही सेवा सुरू झाली आणि मध्यमवर्गीय घरांत ब्रॉडबँड खऱ्या अर्थाने पोहोचले. त्या काळातील 'होम ५००' या लोकप्रिय योजनेत २ एमबीपीएसपर्यंत वेग मिळत असे, तथापि मासिक वापराची मर्यादा २.५ जीबी इतकीच होती. पूर्ण वेगाने वापर केल्यास ही मर्यादा अवघ्या पावणेतीन तासांत संपत असे. मध्यरात्री २ ते सकाळी ८ या वेळेतील वापर मोजला जात नसल्याने अनेक घरांतील संगणक रात्रभर सुरू राहत. वेग पुरेसा असूनही मर्यादा तोकडी असेल तर त्या वेगाचा उपयोग होत नाही, हा धडा ग्राहकांना त्या काळी मिळाला. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. मर्यादा विपुल आहे, पण निवडीची अडचण अन्यत्र निर्माण झाली आहे.

५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबर सेवेचा व्यापारी प्रारंभ झाला. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मागणी वाढताच प्रमुख कंपन्यांनी आपले दर व मर्यादा यांत मोठे बदल केले. आजच्या घरगुती योजनांची सर्वसाधारण चौकट त्या वर्षी तयार झाली, असे म्हणता येईल.

४. घरापर्यंत पोहोचणारी तार : जोडणीचे प्रकार

योजना निवडण्यापूर्वी आपल्या घरापर्यंत नेमकी कोणती तार येते, हा पहिला प्रश्न विचारणे आवश्यक आहे. या पट्ट्यात प्रामुख्याने चार प्रकार आढळतात.

४.१ दूरध्वनीची तांब्याची तार : या प्रकारात जुन्या दूरध्वनी तारेवरूनच इंटरनेट दिले जाते. दूरध्वनी केंद्रापासून घराचे अंतर जसजसे वाढते तसतसा वेग घटतो. केंद्राच्या अगदी जवळ २४ एमबीपीएसपर्यंत वेग देऊ शकणारे तंत्र चार-पाच किलोमीटरवर त्याचा अल्पसा अंशच देते. पावसाळ्यात सांध्यांमध्ये पाणी शिरल्यास जोडणी वारंवार तुटते. नवी जोडणी घेताना हा पर्याय आता विचारात घेण्याचे फारसे कारण उरलेले नाही.

४.२ थेट घरापर्यंत ऑप्टिकल फायबर : काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने माहिती वाहून नेणारा हा प्रकार सर्वांत भरवशाचा आहे. प्रचलित 'जीपॉन' तंत्रात कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या एका तंतूवर सुमारे २.५ जीबीपीएस इतकी क्षमता असते आणि ती सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. सर्व ३२ घरांनी एकाच क्षणी कमाल वापर केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ एमबीपीएस येतील. घरे ६४ असल्यास हा वाटा सुमारे ३९ एमबीपीएस होईल. प्रत्यक्षात सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वापर करीत नाहीत, म्हणून १०० किंवा २०० एमबीपीएसच्या योजना विकणे शक्य होते. जाहिरातीतील 'पर्यंत' या शब्दाचा अर्थ या विभागणीत दडलेला आहे.

४.३ केबलचालकाचे स्थानिक जाळे : अनेक वस्त्यांत केबल दूरचित्रवाणीचा स्थानिक चालकच इंटरनेट पुरवितो. इमारतीपर्यंत फायबर आणि तेथून पुढे साधी लॅन तार, अशी याची रचना पुष्कळदा असते. इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर बसविलेली स्विचची पेटी विजेवर चालते. परिणामी, इमारतीचा वीजपुरवठा खंडित झाल्यास घरात इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद पडते. औद्योगिक साप्ताहिक सुट्टीच्या गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली जाते, हे या परिसरातील रहिवाशांस परिचित आहे. घरून काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा गौण मानता येणार नाही. याउलट, थेट घरापर्यंत येणाऱ्या फायबरमध्ये वाटेतील विभाजकास वीज लागत नाही. त्यामुळे कंपनीच्या केंद्राचा पुरवठा सुरू असेल आणि घरातील उपकरणास छोटा बॅटरी संच जोडलेला असेल, तर सेवा सुरू राहू शकते.

४.४ बिनतारी घरगुती सेवा : १९ सप्टेंबर २०२३ रोजी जिओ एअरफायबर ही सेवा देशातील ज्या आठ महानगरांत प्रथम सुरू झाली, त्यांत पुण्याचा समावेश होता. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसविलेले उपकरण ५जी मनोऱ्याकडून संकेत घेते व घरात वाय-फायद्वारे पुरविते. फायबर न पोहोचलेल्या वाड्या-वस्त्या आणि घरमालक तार ओढू देत नाही अशा भाड्याच्या खोल्या यांसाठी हा पर्याय उपयुक्त ठरतो. तथापि, त्या मनोऱ्यावरील मोबाईल ग्राहकांची गर्दी वाढल्यास वेग कमी होण्याची शक्यता राहते. पाळी सुटल्यानंतर हजारो कामगार एकाच वेळी मोबाईल वापरू लागतात अशा चाकणसारख्या भागात ही सेवा घेण्यापूर्वी सायंकाळच्या वेळी तिची चाचणी पाहणे श्रेयस्कर ठरेल.

यासंदर्भात आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. गृहसंकुलात कोणत्या कंपनीने तार आणावी याचा निर्णय अनेकदा बांधकाम व्यावसायिक किंवा सोसायटीची कार्यकारिणी घेते. एकाच सेवादात्यास प्रवेश दिलेल्या संकुलात रहिवाशास निवडीचे स्वातंत्र्य नाममात्र उरते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या निकषांवर मानांकन देण्याची नियमावली जाहीर केली, यावरून या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येते. सदनिका विकत घेताना किंवा भाड्याने घेताना पाणी व वाहनतळ यांच्याबरोबरच 'येथे किती कंपन्यांची तार येते' हा प्रश्नही विचारला जाणे योग्य होय.

५. वेग : किती आवश्यक व कोणता महत्त्वाचा

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजला जातो. आठ बिट मिळून एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएसच्या जोडणीवर प्रति सेकंद कमाल १२.५ मेगाबाइट माहिती उतरते. या फरकाचे आकलन नसल्यास 'शंभरच्या जागी बारा मिळतात' असा गैरसमज होतो.

कुटुंबाची गरज ठरविण्यासाठी एकाच वेळी होणाऱ्या वापराची बेरीज करावी. उत्तम दर्जाचा चित्रपट पाहण्यास सुमारे ५ एमबीपीएस आणि ४के दर्जासाठी सुमारे १५ एमबीपीएस वेग नेटफ्लिक्ससारख्या सेवा सुचवितात. चांगल्या चित्रासह होणाऱ्या ऑनलाइन बैठकीस ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. चार जणांच्या कुटुंबात एक व्यक्ती ऑनलाइन तासिका घेत आहे, एक कार्यालयीन बैठकीत आहे, एक विद्यार्थी ध्वनिचित्रफीत पाहत आहे आणि दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचावर मालिका सुरू आहे, असे गृहीत धरले तरी एकूण गरज २० एमबीपीएसच्या आतबाहेरच राहते. म्हणजेच ३० ते ४० एमबीपीएसची स्थिर जोडणी अशा कुटुंबास पुरेशी आहे. मोठ्या फाइल वारंवार उतरवून घेणारे, ४के दर्जाचे एकाहून अधिक संच असणारे किंवा सहा-सात जणांनी मिळून 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या तरुणांचे घर यांना १०० एमबीपीएसची योजना उपयुक्त ठरेल. त्यापुढील वेगाचा लाभ सामान्य घरास क्वचितच होतो.

अध्यापकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा घटक म्हणजे माहिती वर चढविण्याचा वेग, अर्थात अपलोड. विद्यार्थी प्रामुख्याने माहिती उतरवून घेतो. शिक्षक मात्र आपले चित्र, आवाज व ध्वनिमुद्रित व्याख्याने बाहेर पाठवितो. एका तासाचे १ जीबी आकाराचे व्याख्यान २ एमबीपीएसच्या अपलोड वेगाने चढविण्यास तासाहून अधिक वेळ लागतो, तर ३० एमबीपीएसने साडेचार मिनिटांत ते काम होते. जिओफायबरने २०२० मध्ये दोन्ही दिशांना समान वेगाची घोषणा केली होती. सर्वच योजनांत तशी तरतूद असतेच असे नाही. म्हणून दोन्ही वेगांची स्वतंत्र चौकशी करावी.

यासोबतच संदेश जाऊन परत येण्यास लागणारा विलंब आणि त्यातील चढउतार यांचाही विचार व्हावा. बैठकीत आवाज तुटणे व चित्र गोठणे यांचे कारण बहुधा वेगाची कमतरता नसून हा चढउतार असतो. तो कोणत्याही जाहिरातपत्रकात छापलेला नसतो. रात्री ८ ते ११ या गर्दीच्या वेळेत शेजाऱ्याच्या जोडणीवर चाचणी घेणे हाच त्यावरील विश्वसनीय उपाय होय.

६. वापरमर्यादा व खरा खर्च

अनेक योजना 'अमर्याद' या विशेषणासह विकल्या जातात. प्रत्यक्षात त्यांना उचित वापराची मर्यादा असते. २०२० पासून प्रमुख कंपन्यांच्या घरगुती योजनांत ती महिना ३,३०० जीबी इतकी आढळते. ही मर्यादा दररोज ११० जीबी होते. ५ एमबीपीएसने तासाभराचा चित्रपट पाहण्यास सुमारे २.२५ जीबी खर्च होतात, म्हणजे मर्यादा ओलांडण्यासाठी दिवसाकाठी सुमारे ४९ तास चित्रपट पाहावे लागतील. सामान्य कुटुंबासाठी ही सेवा व्यवहारतः अमर्यादच ठरते. तथापि, कमी मर्यादेच्या योजनाही बाजारात असतात, आणि मर्यादा संपल्यानंतर वेग किती राहील हे महत्त्वाचे असते. हा वेग किमान ५१२ केबीपीएस असावा, असा निर्देश नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला होता. भारत संचार निगमच्या २०२० मधील 'फायबर बेसिक' योजनेत मर्यादेनंतरचा वेग २ एमबीपीएस होता.

दराच्या बाबतीत जाहिरातीतील आकडा व प्रत्यक्ष देयक यांत १८ टक्के वस्तू व सेवा कराचा फरक पडतो. २०२० च्या उत्तरार्धात जाहीर झालेल्या काही योजनांवरून ही बाब स्पष्ट होईल.

तक्ता क्र. १ : निवडक योजनांचे मासिक दर, वर्ष २०२० (रुपये)

| योजना | कमाल वेग (एमबीपीएस) | मूळ दर | करासह |
|---|---|---|---|
| जिओफायबर | ३० | ३९९ | ४७०.८२ |
| भारत संचार निगम, फायबर बेसिक | ३० | ४४९ | ५२९.८२ |
| एअरटेल | ४० | ४९९ | ५८८.८२ |
| जिओफायबर | १०० | ६९९ | ८२४.८२ |
| एअरटेल | १०० | ७९९ | ९४२.८२ |
| जिओफायबर | १५० | ९९९ | १,१७८.८२ |
| एअरटेल | २०० | ९९९ | १,१७८.८२ |

तक्त्यावरून असे दिसते की, ३९९ व ९९९ रुपयांच्या योजनांतील फरक वर्षाकाठी करासह ८,४९६ रुपये होतो. महागड्या योजनेसोबत मनोरंजन वाहिन्यांचे सदस्यत्व दिले जाते. ते सदस्यत्व कुटुंब अन्यथा विकत घेणार होते काय, हा प्रश्न स्वतःस विचारल्याशिवाय त्याची किंमत बचतीत धरू नये. याशिवाय जोडणी शुल्क, राउटरची अनामत रक्कम व ती परत मिळण्याच्या अटी, सुरुवातीच्या सवलतीची मुदत संपल्यानंतरचा दर आणि सेवा बंद करताना होणारी कपात यांची लेखी माहिती घ्यावी.

भाडेकरूंनी मुदतीचा विशेष विचार केला पाहिजे. या पट्ट्यातील बहुतांश भाडेकरार अकरा महिन्यांचे असतात आणि कंत्राटी कामगारांचे वास्तव्य त्याहूनही अल्प असू शकते. वर्षभराचे पैसे आगाऊ भरल्यास एखाद-दुसऱ्या महिन्याची सूट मिळते हे खरे; परंतु घर बदलल्यानंतर नव्या ठिकाणी त्या कंपनीची तारच नसेल तर उरलेली रक्कम वाया जाण्याचा धोका असतो. अशा कुटुंबांनी मासिक योजना घेणे, अथवा स्थलांतराची अट आधी तपासून घेणे हिताचे ठरते.

७. घरातील अंतर्गत जोडणी

जोडणी उत्तम असूनही घरात वेग मिळत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे कारण पुष्कळदा वाय-फायमध्ये असते. राउटर सामान्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर काम करतो. पहिल्या पट्ट्याचा पल्ला अधिक, पण वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी फार. दुसऱ्याचा वेग अधिक, पण सिमेंट-काँक्रीटच्या भिंतींमुळे त्याची शक्ती लवकर क्षीण होते. बहुमजली संकुलात प्रत्येक सदनिकेत एक राउटर असल्याने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अक्षरशः कोंडून जातो.

यावर काही सोपे उपाय आहेत. राउटर दरवाजामागे अथवा कपाटात न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. दोन्ही पट्ट्यांची सोय असलेला राउटर घ्यावा. ज्या संगणकावरून तासिका किंवा परीक्षा घ्यावयाची आहे तो शक्यतो तारेने जोडावा. तसेच, काही स्वस्त राउटर व जुन्या संगणकांतील तारेचे द्वार १०० एमबीपीएसपर्यंतच काम करते. अशा उपकरणावर २०० एमबीपीएसची योजना घेणे म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळाला दोन इंची जलवाहिनी जोडण्यासारखे आहे. योजना बदलण्याआधी राउटरची जागा बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

८. सेवेची खात्री व तक्रार-निवारण

महानगरपालिका क्षेत्रात रस्त्यांची व मेट्रोची कामे सतत सुरू असतात. पिंपरी ते फुगेवाडी हा मेट्रो मार्ग ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि त्यानंतर निगडीपर्यंतच्या विस्तारास मान्यता मिळाली. अशा खोदकामात जमिनीखालील फायबर तुटणे आणि खांबांवरून ओढलेली तार वाहनाच्या धक्क्याने किंवा वृक्षछाटणीत निखळणे हे प्रकार घडत असतात. त्यामुळे बिघाड कधीच होणार नाही अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा तो किती वेळात दुरुस्त होतो, याची चौकशी करणे अधिक व्यवहार्य ठरते. मोठ्या कंपनीचे नाव देयकावर असले तरी शिडी घेऊन येणारा कारागीर बहुधा स्थानिक भागीदाराचा असतो. त्या भागीदाराची कार्यक्षमता हीच ग्राहकाच्या दृष्टीने कंपनीची कार्यक्षमता होय.

नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँड सेवेच्या गुणवत्तेची नियमावली केली. ९० टक्क्यांहून अधिक बिघाड पुढील कामकाजाच्या दिवसापर्यंत दूर व्हावेत, असा मानदंड तीत होता. बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहिल्यास ग्राहकास आकारात सूट देण्याची तरतूदही होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या एकत्रित नियमावलीने तिची जागा घेतली. जोडणी घेतानाच सध्या लागू असलेली दुरुस्तीची मुदत व देयकातील सूट यांची माहिती सेवादात्याकडून लेखी मागून घ्यावी.

तक्रारीची पायरी २०१२ च्या नियमावलीने निश्चित केली आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते व त्या अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत होणे अपेक्षित असते. नियामक प्राधिकरण स्वतः वैयक्तिक तक्रारींची सुनावणी करीत नाही, हे ध्यानात ठेवावे. मात्र ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालू शकतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया सेल्युलर विरुद्ध अजय कुमार अग्रवाल या प्रकरणात दिला. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. तक्रार क्रमांक, दिनांक आणि वेगचाचणीची छायाचित्रे जपून ठेवणाऱ्या ग्राहकाची बाजू अशा वेळी भक्कम राहते.

९. शैक्षणिक संदर्भ

ब्रॉडबँडची निवड ही खाजगी बाब भासत असली तरी तिचे पडसाद वर्गात उमटतात. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर महाविद्यालयीन अध्यापन ऑनलाइन झाले आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षांसाठी ऑक्टोबर २०२० मध्ये ऑनलाइन पर्यायाचा अवलंब करण्यात आला. त्या काळात घरी तारेची जोडणी असलेला आणि केवळ मोबाईलच्या दैनंदिन कोट्यावर अवलंबून असलेला, असे विद्यार्थ्यांचे दोन स्तर स्पष्टपणे समोर आले.

या भेदाचे स्वरूप साध्या गणिताने समजते. १.५ एमबीपीएस वेगाने चित्रासह चालणाऱ्या ४५ मिनिटांच्या तासिकेस सुमारे ५०० एमबी लागतात. अशा चार तासिका झाल्या की २ जीबीचा दैनंदिन कोटा संपतो. अभ्यासाच्या इतर कामासाठी, किंवा त्याच मोबाईलवर काम करणाऱ्या पालकासाठी, काहीच शिल्लक राहत नाही. फायबर असलेल्या घरात हाच वापर रोजच्या ११० जीबीतील नगण्य अंश असतो. चाकण परिसरातील एका खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या मुलास ध्वनिचित्रफितीऐवजी केवळ आवाजाचे ध्वनिमुद्रण व टिपणे दिली, तर त्याचा खर्च अनेक पटींनी घटतो. अभ्याससाहित्याचा आकार ठरविणे हाही एक शैक्षणिक निर्णय आहे, याची जाणीव अध्यापकांनी ठेवणे अगत्याचे आहे.

१०. निवडीचा सुचविलेला क्रम

उपरोक्त विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

१. इमारतीत थेट फायबर कोणाकोणाचे येते, याची यादी करावी. योजनेचा विचार त्यानंतर करावा.
२. त्याच इमारतीतील दोन-तीन ग्राहकांकडे गेल्या पावसाळ्यातील बिघाड व दुरुस्तीचा कालावधी यांची विचारणा करावी.
३. गर्दीच्या वेळी, तारेने जोडलेल्या संगणकावर, दोन्ही दिशांच्या वेगाची चाचणी पाहावी.
४. एकाच वेळच्या वापराची बेरीज करून गरजेपुरता वेग ठरवावा.
५. कर, जोडणी शुल्क व अनामत धरून वर्षाचा एकूण खर्च काढावा.
६. वास्तव्याची निश्चिती नसल्यास मासिक योजना घ्यावी. काही महिन्यांच्या अनुभवानंतरच दीर्घ मुदतीकडे वळावे.
७. ज्या घरातील काम खंडित होऊन चालणार नाही, तेथे सर्वांत वेगवान योजनेऐवजी मध्यम वेगाची योजना, राउटरसाठी बॅटरी संच व पर्यायी मोबाईल जोडणी अशी तिहेरी व्यवस्था ठेवावी.

११. निष्कर्ष

'डेटावन'च्या काळात ग्राहकाकडे निवड अल्प होती आणि मर्यादा तोकडी होती. आज योजना विपुल असल्या तरी त्यांतील बहुतेकांचा वेग सामान्य कुटुंबाच्या गरजेहून अधिक आहे. अशा स्थितीत वेगाच्या आकड्यांची तुलना ही निवडीची सर्वांत कमी उपयुक्त रीत ठरते. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात एका रस्त्याच्या अंतरावर जोडणीचा प्रकार, दुरुस्तीची यंत्रणा व वास्तव्याचे स्वरूप बदलते. त्यामुळे आपल्या इमारतीतील तार, शेजाऱ्याचा अनुभव आणि वर्षाचा एकूण खर्च यांच्या आधारे घेतलेला निर्णयच टिकाऊ ठरतो. जाहिरातीतील वेग हा निवडीचा अखेरचा निकष असावा, पहिला नव्हे. या क्रमाने निवड केल्यास अनेक कुटुंबांचे वर्षाकाठी काही हजार रुपये वाचू शकतात. तितकेच महत्त्वाचे म्हणजे, तासिका, परीक्षा अथवा मुलाखत ऐन रंगात असताना जोडणी तुटण्याची शक्यता कमी होते. ज्या घरांत अद्याप तार पोहोचलेली नाही, तेथील विद्यार्थ्यांचा विचार मात्र कोणत्याही योजनेच्या पत्रकात सापडणार नाही. ती जबाबदारी शिक्षणसंस्थांनाच स्वीकारावी लागेल.